पहिला प्रश्न काय विचारतात, ते ऐक

प्रिय बेटा,

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या दोन कंपन्यांकडून बोलावणं आल्याचं कळलं. फार आनंद झाला. कुठे जॉइन व्हावं, असं विचारलंस. परभणीहून येतेच आहेस, तर आधी दोन्हीकडे शॉप फ्लोअर, म्हणजे मशीन चालतात ती जागा, बघू द्या म्हणून विनंती कर. जमलं तर शिफ्ट बदलते त्या वेळेलाच जा.

त्या दहा मिनिटांत कंपनी कळते. रात्रपाळीचा ऑपरेटर सांगतो, "पहाटे इन्सर्ट झिजला, बोअर लहान जातोय. शंका आहे ते जॉब लाल ट्रेमध्ये ठेवलेत." म्हणजे मशीनचं कापणारं टोक झिजलं, जॉबमधलं, म्हणजे घडवायच्या तुकड्यातलं, भोक मापापेक्षा लहान पडतंय. आता सुपरवायझरच्या तोंडून काय निघतं, इकडे कान दे. "मशीनवर कोण होतं?" असं आलं, तर पुढच्या खेपेला तो ऑपरेटर मूग गिळून बसेल आणि खराब माल गिऱ्हाइकाकडून परत येईल. "शेवटचा ओके जॉब कोणता?" असं आलं, तर तिथे शिकायला मिळेल. तो एक जॉब सापडला की त्यानंतरचेच तपासायचे, सगळा लॉट अडकत नाही. माणसाला न घाबरवण्याचा फायदा असा थेट उत्पादनात दिसतो.

हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. निघालं उलटंच, तिथे चुकांची नोंद जास्त होती. तिथली माणसं चुका झाकत नव्हती, मोकळेपणी बोलत होती, असं त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाच्या नोंदीचा, बोर्ड कोरा दिसला, तर भारावून जाऊ नकोस.

वाळूज काय, चिकलठाणा काय, एकाच लाइनवर पर्मनंट आणि ठेकेदाराची माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. ठेकेदाराच्या पोराच्या पायात सेफ्टी शूज आहेत का, त्याला तेच कँटीन आणि तोच वॉटर कूलर आहे का, ते बघ. आपल्याकडचा एप्रिल-मे तुला सांगायला नको. मला विचारशील तर भिंतीवरच्या सुविचारांपेक्षा हे जास्त खरं बोलतं.

"आपण सगळे एका घरातले" असं कुणी म्हणालं, तर जादा तासांचा पगार दुप्पट दराने मिळतो का, हे नम्रपणे विचार. तो कायद्याने ठरलेला हक्क आहे.

आणखी एक. २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्रीच असते. समितीत कोण आहे, ते विचार. एचआरवाले पटकन नावं सांगू शकले तर उत्तम. चाचपडले, तर मी तरी तुला तिथे पाठवणार नाही. दुसरी पाळी सुटल्यावर बस बजाजनगरात रूमच्या दारापर्यंत येते की चौकातच उतरवते, हेही तिथल्याच एखाद्या मुलीला गाठून विचारून घे.

तुझा,
काका