गेमविषयी भरभरून बोलणारा मुलगा गप्प झाला तेव्हा

‘आमचा मुलगा घरात विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, पण सध्या कोणता गेम चालू आहे आणि त्यात कुठपर्यंत पोहोचलो, यावर मित्रांना मात्र पानेच्या पाने लिहितो. हे व्यसनच ना, मॅडम?’ समुपदेशनासाठी येणारे आठवी ते बारावीच्या मुलांचे पालक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. मुलाच्या खेळण्यापेक्षाही खेळाविषयीचे हे बोलणे त्यांना अधिक बोचते. खेळ संपल्यावरही तो मुलाच्या डोक्यातून जात नाही, याचा तो पुरावाच आहे असे त्यांना वाटते. माझा अनुभव वेगळा आहे, आणि तो एका कुटुंबाच्या उदाहरणावरून सांगते. कुटुंबाने लेखी संमती दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे कुटुंब नाशिकचे. वडील शासकीय कार्यालयात, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि मुलगा २०२४ मध्ये मराठी माध्यमातून दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन अकरावी विज्ञानाला गेलेला. शाळेतले मित्र निरनिराळ्या कॉलेजांत विखुरले होते, पण त्यांचा व्हॉट्सॲपवरचा गट टिकून होता, आणि दर रविवारी संध्याकाळी प्रत्येकाने ‘सध्या काय खेळतोय’ ते लिहायचे असा तिथला रिवाज होता. एकजण माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करायच्या गेममध्ये राजगडाची संजीवनी माची उभारत होता आणि तिची तटबंदी जमत नसल्याबद्दल दर आठवड्याला हळहळत होता. एक मुलगी स्टारड्यू व्हॅलीमध्ये आजोबांकडून मिळालेली पडीक शेती पिकवत होती. एकाने थोरल्या भावाच्या संगणकावर ‘राजी’ सुरू केला होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केलेला हा गेम २०२० मध्ये आला, आणि तो आपल्याकडच्या लोकांनी केला आहे याचे त्या गटाला फार अप्रूप होते. आमचा मुलगा हॉलो नाइट खेळत होता. ऑस्ट्रेलियातील टीम चेरी या अगदी छोट्या चमूने २०१७ मध्ये आणलेला हा गेम साध्या लॅपटॉपवर चालतो, पण तो अवघड आहे आणि खेळणाऱ्याला पुन्हा पुन्हा हरवतो.

आई पहिल्या भेटीला आल्या त्या या संदेशांच्या छापील प्रती घेऊनच. मुलगा झोपला असताना त्यांनी त्या काढल्या होत्या. मी तो लिफाफा उघडला नाही. मुलाने स्वतः दाखवले तरच वाचीन, असे मी त्यांना सांगितले, कारण पहिल्याच दिवशी मुलाचे चोरून वाचलेले शब्द माझ्या टेबलावर असते, तर तो माझ्याशी बोलण्याचे कारणच उरले नसते. वडिलांनी त्याआधीच त्याला तो गट सोडायला लावला होता. ‘गेमचा विषयच नको’ असे त्यांनी बजावले होते, आणि मुलाने ते निमूटपणे ऐकलेही होते. तरीही पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्राचे गुण घसरले होते आणि पुढच्या चाचणीत ते आणखी खाली गेले. गट सुटूनही फरक का पडत नाही, हे विचारायला दोघे आले होते.

मुलाला मी पहिला प्रश्न केला तो ‘सध्या काय खेळतोस?’ एवढाच. त्याने ‘काही विशेष नाही’ म्हणून खांदे उडवले. मग मी विचारले की शेवटचा चांगला अडकला होतास तो कुठे. तेव्हा तो सावरून बसला आणि हॉलो नाइटमधल्या मँटिस लॉर्ड्सविषयी सांगू लागला. तीन योद्ध्यांची ही लढत आहे. पहिला एकटा येतो, तो पडला की उरलेले दोघे एकदम चालून येतात. सांगता सांगता त्याने आपणहून फोन काढला आणि जपून ठेवलेला स्वतःचा जुना संदेश मला वाचायला दिला. गटातून बाहेर पडण्याआधी लिहिलेला, देवनागरीत टंकलेला तो संदेश त्याच्या परवानगीने येथे देते:

‘पहिला एकटा येतो तेव्हा घाई करायची नाही, तो कुठून झेप घेतो एवढेच बघायचे. दोघे येतात तेव्हा मी एकावरच नजर ठेवत होतो, म्हणून मरत होतो. काल मारायचे सोडून नुसते चुकवत राहिलो, तेव्हा कळले की दोघांच्या चाली एकमेकांशी जुळलेल्या असतात. जिंकल्यावर ते आपल्यापुढे वाकतात, आणि मग त्यांच्या गावातले कोणीच आपल्यावर हल्ला करत नाही. मी तिथे उगाच फिरून आलो.’

खाली मित्रांचे प्रश्न होते. शस्त्राची धार वाढवून गेला होतास का, किती वेळा मेलास, आणि या नादात शनिवारचा क्लास बुडवलास की काय. हा शेवटचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. जी मुले दर आठवड्याला एकमेकांना आपण काय खेळलो ते सांगतात, ती नकळत एकमेकांना हिशेबही देत असतात. कोण रात्रभर जागला, कोणाचा अख्खा रविवार गेला, हे तिथे लपत नाही आणि समवयस्काने विचारलेले त्यांना जितके लागते तितके आईवडिलांनी विचारलेले लागत नाही. शिवाय आपण आधी काय करत होतो, कुठे चुकत होतो आणि काय बदलल्यावर जमले, हे इतक्या नेमकेपणाने मांडणाऱ्या मुलाचे डोके गेमने कुंठित केले आहे, असे म्हणायला माझे मन तयार होत नव्हते.

मग गटातून बाहेर पडल्यानंतर काय झाले, हे त्याने हळूहळू सांगितले. हॉलो नाइट त्याने सोडून दिला होता, कारण जिंकलेले सांगायला कोणी उरले नव्हते. त्याऐवजी त्याने मोबाइलवर नेमबाजीचा एक स्पर्धात्मक गेम घेतला. आईचा क्रमांक वापरून प्रौढ म्हणून खाते उघडले, आणि रात्री पांघरुणात, आवाज बंद करून, अनोळखी लोकांबरोबर तो दोन-दोन वाजेपर्यंत खेळू लागला. या गेमला शेवट नव्हता. हंगाम संपला की श्रेणी खाली यायची आणि पुन्हा चढायला लागायची. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला की ते गेले. पोशाख आणि शस्त्रांच्या रंगांसाठी त्याने आईच्या यूपीआयमधून थोडे थोडे पैसेही खर्च केले होते. काय खेळतोस असे या काळात कोणी त्याला विचारले नाही आणि त्यानेही कोणाला सांगितले नाही. घरात मात्र सगळे निवांत होते, कारण गेमचा विषय निघणे थांबले होते.

काळजी करण्यासारखा काळ होता तो हा. पालकांना ज्या काळाची भीती वाटली, तो त्याच्या आधीचा होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे. त्याची मुख्य लक्षणे तीन आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर आवडी आणि रोजच्या कामांपेक्षा खेळालाच वरचे स्थान मिळत जाणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहणे किंवा वाढणे. हे सारे शिक्षण, कुटुंब, मैत्री अशा क्षेत्रांत गंभीर बिघाड करणारे असावे लागते आणि सामान्यतः किमान १२ महिने टिकलेले असावे लागते. किती तास खेळले म्हणजे विकार, असा आकडा त्या व्याख्येत नाही. गेमविषयी पुष्कळ बोलणे हे लक्षण तर कुठेच नाही. आमच्या मुलाला हे निदान लागू पडत नव्हते. पण रात्रीचे लपून खेळणे तसेच वाढत गेले असते, तर त्या दिशेने जाण्याचा धोका खरा होता, आणि तो मी पालकांपासून लपवला नाही. मात्र रात्रीचे जागणे आणि पैशांची गोष्ट मुलाने स्वतःच घरी सांगावी असे आम्ही ठरवले. माझ्यासमोर, खाली मान घालून, त्याने ती सांगितली. वडील रागावले. पण उठून गेले नाहीत, आणि त्या दिवशी तेवढे पुरेसे होते.

भौतिकशास्त्राचे कारण वेगळेच निघाले. दहावीपर्यंत ‘त्वरण’ आणि ‘संवेग’ शिकलेला हा मुलगा अकरावीत एकदम इंग्रजीत शिकवल्या जाणाऱ्या वर्गात बसला होता. गणित समजे, पण प्रश्न काय विचारतो आहे तेच समजत नसे, आणि साठ-सत्तर मुलांत हात वर करून ते विचारण्याची त्याला लाज वाटे. महाराष्ट्रातल्या हजारो मुलांची ही अडचण आहे, आणि घरोघरी तिचे खापर मोबाइलवर फुटते. आईंनी यावर जो उपाय काढला तो मला कधीच सुचला नसता. त्यांच्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांकडे तो आठवड्यातून दोनदा जाऊ लागला आणि प्रत्येक धड्याच्या संज्ञांची दोन भाषांतली वही करू लागला.

खेळाच्या बाबतीत आम्ही थोडेच ठरवले. रात्री साऱ्या घराचे फोन दिवाणखान्यात चार्जिंगला लागतील, वडिलांचाही. यूपीआयचा पिन बदलला. नेमबाजीचा गेम त्याने स्वतः काढून टाकला, आणि गटात तो परत गेला. अनोळखी माणसाला ओटीपी, छायाचित्र किंवा कॉलेजचे नाव द्यायचे नाही आणि गेममधले खाते कोणाला विकायचे वा कोणाकडून विकत घ्यायचे नाही, हे नियम त्याने आधीच सांगून टाकले. ते गटात पूर्वीपासूनच पाळले जात होते.

एका गोष्टीवर मात्र आम्ही बराच वेळ घालवला, ती म्हणजे ‘बंद कर’ हे केव्हा म्हणायचे. आई जेवणाची ताटे वाढून हाक मारत, मुलगा ‘पाच मिनिटे’ म्हणे, आणि रोज त्यावरून भांडण होई. गेम कुठे थांबवता येतो हे आईंना माहीत नव्हते आणि मुलाने कधी सांगितले नव्हते. हॉलो नाइटमध्ये ठिकठिकाणी बाक असतात. बाकावर बसले की तिथून पुढे सुरुवात करता येते, मध्येच सोडले तर मागच्या बाकावर परत जावे लागते. स्टारड्यू व्हॅलीत पात्र रात्री झोपले की मगच दिवसाची नोंद होते, आणि तो दिवस आपल्या घड्याळात सुमारे १४ मिनिटांचा असतो. पाच जणांच्या सामन्यातून मध्येच उठले, तर उरलेले चौघे अडचणीत येतात. हे कळल्यावर आई ‘पुढच्या बाकावर थांब’ असे म्हणू लागल्या. तो थांबूही लागला. रोज नव्हे, पण बहुतेक वेळा. मुलाच्या खेळाविषयी माहिती असणे म्हणजे त्याला उत्तेजन देणे, ही समजूत पालकांनी सोडावी असे मला कळकळीने वाटते, कारण माहितीशिवाय घातलेली मर्यादा मुलाला मनमानी वाटते आणि ती मोडताना त्याला अपराधीही वाटत नाही.

वडिलांसाठी हे अवघड होते. २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली तेव्हाच्या बातम्या त्यांच्या मनात घर करून होत्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला तेव्हाही त्यांनी मला फोन करून विचारले की आता मुलाचे गेम बेकायदा ठरणार का. हॉलो नाइटमध्ये पैज नाही, त्यामुळे त्या कायद्याचा त्याच्याशी संबंध नाही, असे मी सांगितले. पण ते दर रविवारी मुलाशेजारी बसू लागले होते. स्वतः खेळत नसत. ‘या आठवड्यात गटात काय लिहिणार?’ एवढे विचारत आणि ऐकत. ऐकताना कंटाळा येतो, हे त्यांनी माझ्याजवळ मोकळेपणाने कबूल केले. मी म्हटले, येऊ द्या, तरी बसा.

अकरावीला तो भौतिकशास्त्रात बेताच्याच गुणांनी पास झाला. दिवाळीच्या सुट्टीत त्याने नेमबाजीचा गेम पुन्हा घेतला होता, पण या वेळी त्याने तो गटात आणि वडिलांना सांगून घेतला आणि सुट्टी संपताना काढला. झोप सुधारली. काही आठवडे तो गप्प असतो, तेव्हा आई मला फोन करतात, आणि हे मला योग्य वाटते.

जिथे मुलाने कॉलेज सोडले आहे, जेवण आणि आंघोळ टाळतो आहे, फोन काढून घेतल्यावर स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याची भाषा करतो आहे, किंवा घरातून पैसे नाहीसे होत आहेत, तिथे रविवारच्या गप्पांवर विसंबू नये. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांची भेट लांबणीवर टाकू नये. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे.

४ सप्टेंबर २०२५ रोजी हॉलो नाइटचा पुढचा भाग, सिल्कसाँग, आला. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या या गेमची साऱ्या गटाने वर्षानुवर्षे वाट पाहिली होती. मुलगा आता बारावीत आहे. वडिलांनी मला विचारले की तो घेऊन द्यावा का. आईंचा विरोध होता, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मुलाशी बोलल्यावर कळले की बोर्डाच्या परीक्षेनंतरच सुरू करणार, तोवर पुढचे कोणीही सांगू नका, असे त्याने गटात आधीच लिहून टाकले होते. आईंनी विचारले, तो तोवर थांबेल का? याची हमी मी देऊ शकत नाही, असे मी सांगितले. मध्येच राहवले नाही आणि सुरू केलाच, तर ते आधी घरी सांगायचे, एवढे तिघांनी माझ्यासमोर मान्य केले आहे.