एकाच कॉम्प्युटरवर प्रत्येक युजरला त्याचाच नेटवर्क ड्राइव्ह आपोआप कसा दिसेल?

तुमच्या निपाणीच्या पतसंस्थेत काउंटरच्या एका कॉम्प्युटरवर तिघांची विंडोज खाती आहेत. कॅशियरला एस, कर्जविभागाला एल आणि मॅनेजरला दोन्ही ड्राइव्ह हवेत. तुम्ही टास्क शेड्युलरमध्ये 'कॉम्प्युटर सुरू होताना' चालणारं टास्क लावलंय, ते बिनचूक चालल्याचं दाखवतंय, पण ड्राइव्ह कुणालाच दिसत नाही.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या वर्कशॉपची आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्कं बघतो. तिथंही हीच अडचण नेहमी येते. मॅप केलेला ड्राइव्ह, म्हणजे सर्व्हरवरचा फोल्डर एक अक्षर देऊन जोडलेला, कॉम्प्युटरचा नसतो, लॉगिन केलेल्या माणसाचा असतो. तुमचं टास्क कुणी लॉगिन करायच्या आधीच विंडोजच्या स्वतःच्या 'सिस्टम' खात्याखाली चालतं, त्यामुळं ड्राइव्हही त्याच खात्याला मिळतो. म्हणून हे काम लॉगिनच्या वेळी करायला पाहिजे.

डोमेन (सगळ्यांची खाती एका सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था) असेल तर त्याच्या ग्रुप पॉलिसीतल्या 'ड्राइव्ह मॅप्स'मध्ये ग्रुपप्रमाणे ड्राइव्ह वाटता येतात. डोमेन नसेल तर एक बॅच फाइल (कमांड लिहिलेली साधी फाइल) पुरते. रनमध्ये 'शेल:कॉमन स्टार्टअप' टाइप करा, उघडलेल्या फोल्डरमध्ये ती ठेवा. प्रत्येकाच्या लॉगिनला ती त्याच्याच नावानं चालते. फाइलमध्ये 'युजरनेम' व्हेरिएबल (यात लॉगिन केलेल्याचं नाव असतं) तपासून ज्याचा त्याला 'नेट यूज' या कमांडनं ड्राइव्ह लावा. आधी त्या अक्षराचं जुनं मॅपिंग डिलीट करा, नाहीतर अक्षर आधीच वापरात असल्याची एरर ८५ येते. 'पर्सिस्टंट' (मॅपिंग पुढच्या लॉगिनसाठी लक्षात ठेवणं) नो ठेवा, फाइल दरवेळी चालणारच आहे. ती 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नं मात्र चालवू नका. तसा लावलेला ड्राइव्ह साध्या एक्सप्लोररमध्ये दिसत नाही.

आपल्याकडं पावसाळ्यात लाईट जाऊन आली की सगळी मशीनं एकदम चालू होतात आणि सर्व्हर मागून उठतो. तेवढ्यात कुणी लॉगिन केलं की मॅपिंग फसतं. म्हणून 'नेट यूज' फसलं तर दहा सेकंद थांबून परत प्रयत्न करायचा, असं पाच-सहा वेळा फाइललाच करायला लावा. दुसरं, शेअरची, म्हणजे सर्व्हरवरून वाटलेल्या फोल्डरांची, नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवा. आपल्या ऑफिसांत फोल्डर मराठीत असतात, कन्नडमध्येही असतात, आणि बॅच फाइलमध्ये ती अक्षरं कोडपेजमुळं (अक्षरं साठवायच्या-वाचायच्या पद्धतीमुळं) बिघडतात. आतल्या फोल्डरांना कुठलीही भाषा चालेल.

पासवर्ड फाइलमध्ये अजिबात लिहू नका, ती तिघांनाही वाचता येते. प्रत्येकानं आपल्या लॉगिनमध्ये विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (पासवर्ड साठवायच्या जागी) तो एकदा साठवावा. मॅनेजरसाठी सर्व्हरवर दोन्ही फोल्डरांचे हक्क असलेलं एकच खातं करा. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन नावांनी जोडायला गेलात तर विंडोज एरर १२१९ देऊन अडवतं.

आणि हे कळकळीनं सांगतो, कारण खातेदारांची माहिती तुमच्या हाती आहे: ड्राइव्ह न दिसणं म्हणजे कुलूप नव्हे. सर्व्हरवर शेअरच्या आणि फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमधल्या परवानग्या नीट लावा, सगळ्यांना मोकळीक देणारं 'एव्हरीवन' काढून टाका. मग कॅशियरच्या खात्यात लॉगिन करून एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत कर्जाच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग टाइप करा. फोल्डर उघडला तर परवानग्या अजून चुकलेल्या आहेत, ड्राइव्ह दिसो वा न दिसो.