टक्के, पण कशाचे?

प्रश्न: माझी मुलगी बी.कॉम. झाल्यावर पॉवर बीआयचा, म्हणजे आकड्यांचे तक्ते आणि चार्ट करायच्या सॉफ्टवेअरचा, क्लास करत होती. गेल्या महिन्यात महापेच्या एका कंपनीत मुलाखत झाली. लॅपटॉप पुढे ठेवून सांगितलं, 'प्रत्येक विभागात कुठल्या मालाचा वाटा किती टक्के, ते चार्टमध्ये दाखव.' तिने दाखवलं. मग विचारलं, 'पश्चिम विभागाची बेरीज शंभर का होत नाही?' तिथे ती गप्प झाली. तिचे बाबा म्हणतात, ठाण्यात दीड लाख भरून डेटा सायन्स करू दे, हप्ते पाडून देतात. मला वाटतं, सरळ बँकेच्या परीक्षा द्याव्यात. काय करावं?
– एक आई, ऐरोली

उत्तर:

नमस्कार ताई,

दीड लाख आत्ता भरू नका. लेक अडली ती जागा अगदी लहान आहे, आणि तिथे डेटा सायन्सचा काही संबंध येत नाही.

समजा, सगळ्या विभागांची मिळून विक्री 500 लाख, त्यात पश्चिमेची 200, आणि पश्चिमेत एका मालाची 120. पॉवर बीआयमध्ये 'पर्सेंट ऑफ ग्रँड टोटल', म्हणजे एकूण बेरजेचे टक्के, निवडलं की 120 ला 500 ने भागलं जातं. उत्तर 24 टक्के, आणि पश्चिमेच्या सगळ्या मालांची बेरीज 40. तिच्या हातून बहुधा हेच झालं. विचारलं होतं ते 120 भागिले 200, म्हणजे 60. चोवीसही खरे, साठही खरे. पण साहेबांनी साठ मागितले होते.

आपल्या जिल्ह्याचंच बघा. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाख 41 हजार आणि जिल्ह्याची 1 कोटी 10 लाख 60 हजार होती. म्हणजे शहराचा वाटा 16.6 टक्के. 2014 च्या ऑगस्टमध्ये पालघर वेगळा झाला. उरलेल्या जिल्ह्याची त्याच जनगणनेतली लोकसंख्या 80 लाख 70 हजार भरते, आणि शहराचा वाटा होतो 22.8 टक्के. एक माणूस इकडचा तिकडे झाला नाही, फक्त छेद बदलला. हे उदाहरण तिला स्वतः करून बघू द्या.

आता लेकीसाठी, तिच्या भाषेत. एक्सेलच्या पिव्हटमध्ये, म्हणजे आकडे गटांनुसार मांडणाऱ्या तक्त्यात, 'पर्सेंट ऑफ पेरेंट रो टोटल' आयतं मिळतं. टॅब्लो या चार्टच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'पर्सेंट ऑफ टोटल' घेऊन 'कम्प्यूट युजिंग'मध्ये 'टेबल'ऐवजी 'पेन' (pane, तक्त्यातला एका विभागाचा कप्पा) निवडायचं. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल भाषेत 'पार्टिशन बाय' विभागावर लावायचं. पॉवर बीआयमध्ये मेजर (measure, हिशेबाचं सूत्र) लिही: अंशात विक्री, छेदात 'कॅल्क्युलेट'मधली तीच विक्री, पण मालाच्या कॉलमवरचा फिल्टर काढलेली. मॅट्रिक्समध्ये, म्हणजे पॉवर बीआयच्या तक्त्यात, विभाग आहेच, त्यामुळे त्याचा फिल्टर आपोआप टिकतो. क्लासच्या नोट्समध्ये इथे बऱ्याचदा 'ऑलएक्सेप्ट' असतं, म्हणजे विभाग सोडून बाकी सगळे फिल्टर काढायचे. तेही चालतं, पण पानावर महिन्याचा स्लायसर (महिना निवडायची चौकट) आला की अंशात मार्च आणि छेदात अख्खं वर्ष. टक्के घसरतात, आणि मीटिंगमध्ये सगळे विक्रीवर चर्चा करत बसतात! शिवाय एखादा माल स्लायसरने वगळला, तर उरलेल्यांची बेरीज शंभर हवी की नको, हे साहेबांना विचारूनच ठरव. हवी असेल तर 'ऑलसिलेक्टेड'.

आणखी एक खड्डा मुलाखतीत हमखास असतो. ठाण्याच्या शाखेत 50 पैकी 10 ऑर्डरी उशिरा गेल्या, म्हणजे 20 टक्के. वाशीला 200 पैकी 10, म्हणजे 5 टक्के. दोन्ही शाखांचे मिळून किती? साडेबारा म्हणणारी मुलं मला खूप भेटतात. उत्तर आहे 8, कारण 250 पैकी 20. टक्क्यांची सरासरी काढायची नाही. मूळ आकडे बेरजेत घ्यायचे आणि मग भागायचं.

ताई, यातलं बरंचसं तिला येतं, फक्त तिच्या लक्षात आलेलं नाही. कॉमन साइझ स्टेटमेंट बी.कॉम.ला असतं ना? प्रत्येक खर्च विक्रीच्या किती टक्के, प्रत्येक मालमत्ता एकूण मालमत्तेच्या किती टक्के. तिथे तिने कधी खर्चाला एकूण मालमत्तेने भागलं नसेल. इंजिनिअरिंगच्या मुलांना कोड पटकन जमतो, पण ताळेबंद वाचणारी मुलगी एमआयएस (कंपनीच्या आकड्यांचे अहवाल करणारा विभाग) किंवा फायनान्सच्या टीमला जास्त उपयोगी पडते, असं माझं मत आहे. एमआयएस एक्झिक्युटिव्हच्या जागांनाही अर्ज करू दे. पदाचं नाव साधं असलं तरी काम हेच असतं.

पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, विंडोजचा लॅपटॉप पुरतो. दोन-तीन महिने रोज एक पिव्हट, एक क्वेरी, एक मेजर, आणि तिन्हींचं उत्तर जुळतंय का ते तपासणं. टॅब्लो पब्लिकही फुकट आहे, पण तिथे ठेवलेलं सगळ्यांना दिसतं. कुणाच्या दुकानाचे खरे हिशेब तिथे चढवू नये. बाबांना प्रमाणपत्र हवंच असेल तर मायक्रोसॉफ्टची पीएल-300 ही पॉवर बीआयची परीक्षा आहे. ती सरावानंतर द्यावी, आधी नाही.

बँकेचं म्हणाल, तर तिला स्वतःला बँकेत जायचं असेल तर जरूर द्यावी. एका मुलाखतीत अडली म्हणून नको. आणि पुढच्या मुलाखतीत असा चार्ट समोर आला, तर माउसला हात लावण्याआधी विचारायचं: 'सर, टक्के विभागाच्या बेरजेचे हवेत की एकूण बेरजेचे?'