आराखड्याआधी आजचा आकडा

सप्रेम नमस्कार,

तुझ्या प्रदेशाच्या विकासासाठीच्या निधी-प्रस्तावाचा मसुदा वाचला. भाषा नेटकी आहे, नकाशे सुरेख आहेत आणि चौदा कामांना ‘सर्वोच्च प्राधान्य’ दिलेलं आहे. निधी देणारा माणूस ते पान उलटून थेट खर्चाच्या तक्त्यावर जाईल, कारण खरा क्रम तिथेच कळतो. तुझ्या तक्त्यात निम्म्याहून जास्त पैसा इमारतींवर आहे. मग प्रस्तावनेत ‘युवकांचा रोजगार’ पहिल्या क्रमांकावर असून काय उपयोग?

क्रम लावायची माझी रीत जरा निर्दयी आहे. मिळणारी रक्कम निम्मीच आहे असं धर आणि यादी पुन्हा कर. जी कामं उरतील त्यांच्यापुढे लिही: हा पैसा मिळाला नसता तरी हे कुणी केलं असतं का? उत्तर ‘हो’ आलं तर ते काम काढून टाक, त्यामागे कितीही मोठं नाव उभं असलं तरी.

कोणत्या भागाला किती, हे ठरवायचे नियम अर्ज यायच्या आधी लिहून ठेवावेत. अमेरिकेत डोंगराळ अ‍ॅपलॅशिया पट्ट्याच्या विकासासाठी 1965 साली स्थापन झालेला अ‍ॅपलॅशियन प्रादेशिक आयोग दरवर्षी प्रत्येक कौंटीचे (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तीन आकडे देशाच्या आकड्यांशी ताडून पाहतो: तीन वर्षांची सरासरी बेरोजगारी, दरडोई बाजार-उत्पन्न (सरकारी मदत वगळून) आणि दारिद्र्याचं प्रमाण. देशातल्या सगळ्यांत मागास 10 टक्क्यांत येणाऱ्या कौंटीला प्रकल्पखर्चाच्या 80 टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते. गाडी रुळावर आलेल्या कौंटीचा वाटा त्याहून बराच कमी असतो. नियम आधीच जाहीर असला की वशिल्याला जागा कमी उरते (संपत नाही, हे तुलाही कळेलच).

तीन आकडे का, एकच का नाही? युरोपीय संघ दरडोई उत्पादन संघाच्या सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी असलेल्या प्रदेशांना ‘कमी विकसित’ धरतो. कसोटी सोपी आहे, पण उत्पादनाचा आकडा फसवा निघू शकतो. आयर्लंडने 2015 सालचा वाढदर 26 टक्के जाहीर केला होता. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवल्याचा तो परिणाम होता. सामान्य घरांची मिळकत तशी वाढलेली नव्हती. पुढे त्या देशाला राष्ट्रीय उत्पन्नाचं वेगळं, सुधारित मोजमाप काढावं लागलं. तुझ्या प्रदेशात एखादी मोठी खाण किंवा वीजप्रकल्प असेल तर हेच लहान प्रमाणात घडेल. बेरोजगारीच्या दराचंही तसंच. काम न मिळालेली मुलं प्रदेश सोडून गेली की दर आपोआप खाली येतो आणि अहवालात ते यश म्हणून छापलं जातं. म्हणून त्या दराशेजारी काम करण्याच्या वयाच्या लोकांची संख्या मांडायचीच.

आता तुझं कौशल्य प्रशिक्षणाचं उद्दिष्ट बघू. ‘तीन वर्षांत 1,000 युवकांना प्रशिक्षण.’ हे उद्दिष्ट हुकणं जवळपास अशक्य आहे. खुर्च्या भरल्या, हजेरीवर सह्या झाल्या की संपलं. त्याऐवजी असं विचार: प्रशिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी त्यांतले किती जण कामावर आहेत? आधीपेक्षा किती जास्त कमावतात? प्रवेश न मिळालेल्या अर्जदारांपैकी किती जणांना तोवर आपापलं काम मिळालं? हा शेवटचा आकडा कुणाला आवडत नाही, कारण श्रेयातला मोठा भाग तो कापून टाकतो. पण अर्ज तुझ्याकडे पडूनच आहेत, त्या मुलांना फोन करायला फार खर्च येत नाही. हा आकडा कोण गोळा करणार, कधी आणि कोणत्या पैशातून, हेही आराखड्यातच लिही. नाहीतर मोजणीचं काम कायम ‘पुढच्या टप्प्यात’ राहतं.

सरासरी गाठण्याचं उद्दिष्ट ठेवताना विशेष जप. महाराष्ट्रातला प्रादेशिक असमतोल मोजायला 1983 साली वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे आहे ते मोजून तिने सुमारे 3,187 कोटी रुपयांचा अनुशेष (ती तूट भरून काढायला लागणारा खर्च) काढला. दहा वर्षांनंतर, 1994 च्या स्थितीवर पुन्हा मोजणी झाली तेव्हा आकडा 14,000 कोटींवर गेला होता. मधल्या काळात किमती वाढल्या आणि पुढारलेले भागही थांबले नव्हते, त्यामुळे सरासरीच पुढे सरकली. म्हणून तुझं उद्दिष्ट रुपयांत लिहू नकोस आणि धावत्या सरासरीला बांधू नकोस. आजची स्थिती हा पाया धर आणि त्यापुढे ठरावीक वर्षी किती, ते लिही. भारत सरकारच्या 2018 च्या आकांक्षित जिल्हे कार्यक्रमातली मला आवडलेली गोष्ट हीच: जिल्हा कुठे आहे यापेक्षा महिन्याभरात किती पुढे सरकला, यावर क्रमवारी लावली गेली. मागास जिल्ह्यालाही त्यात पहिला नंबर मिळवता येतो. तिथे 49 निर्देशक होते. तेवढ्यांच्या मागे लागायला तुझ्याकडे माणसं नाहीत, पाच-सहा पुरेत.

आणखी एक, घाईत लिहितोय. प्रत्येक उद्दिष्टाशेजारी ‘दुसऱ्या वर्षाअखेर इतकं झालं नाही तर काय करायचं’ असा रकाना ठेव. पैसा थांबवायचा, वळवायचा की पद्धत बदलायची? हे आत्ता ठरवणं सोपं आहे. इमारत अर्धी उभी राहिली की कुणीच ठरवत नाही.

दुसरा मसुदा पाठवशील तेव्हा प्रस्तावना नंतर पाठवलीस तरी चालेल. आधी आजच्या स्थितीचा तक्ता पाठव, प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आणि कोणत्या वर्षाचा घेतला ते लिहून. जिथे आकडा मिळालाच नाही ती जागा रिकामी सोड, अंदाजाने भरू नकोस.

तुझा,
काका