मानेला हिसका बसल्यावर कायरोप्रॅक्टरकडून मान मोडून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की 8 दिवसांपूर्वी सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला टेम्पोने मागून ठोकलं. एक्स-रे नॉर्मल आला, तरी मान वळत नाही आणि मित्र म्हणतो, कायरोप्रॅक्टरकडे (हाताने दाब-झटका देऊन मणके मोकळे करणाऱ्याकडे) जा, एकदा कडकन मोडली की मोकळी होईल. मी गेली 22 वर्षं फिजिओथेरपी करते आहे. आत्ता मान मोडून घेऊ नका. कायरोप्रॅक्टरकडे नको, केस कापता कापता सलूनमध्ये तर मुळीच नको.

मागून धडक बसते तेव्हा सीट धडाला पुढे ढकलते, डोकं मात्र क्षणभर जागीच राहतं. मग ते मागे जातं आणि पुढे फेकलं जातं. अर्ध्या सेकंदाच्या आत हे सगळं होतं, मान आवळून धरायलाही वेळ मिळत नाही. ताणले जातात ते स्नायू, अस्थिबंध (हाडांना हाडं जोडणारे चिवट पट्टे) आणि मणक्यांमधले छोटे सांधे. एक्स-रेत दिसतात हाडं. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असला तरी तुमचं दुखणं खरंच आहे. घरच्यांनाही हे सांगा.

मान मोडताना येणारा 'कट्' आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. मला भीती वाटते ती रक्तवाहिन्यांची. मेंदूकडे जाणाऱ्या 2 धमन्या मानेच्या वरच्या 6 मणक्यांच्या भोकांतून वर चढतात. अपघातात त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, आणि सुरुवातीला फक्त मानच दुखते. अशा मानेला जोरात पीळ दिला तर पक्षाघातापर्यंत वेळ येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडल्यावर मागे फिरता येत नाही. चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, तोल जाणं, हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा, आजवर कधी झाली नाही अशी डोकेदुखी, यातलं काहीही असेल तर आजच हॉस्पिटल गाठा.

कायरोप्रॅक्टिकने कुणालाच गुण येत नाही, असं मी म्हणणार नाही. 2012 साली अमेरिकेत मिनेसोटातल्या 272 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साध्या मानदुखीवर तिथे मणक्यांचे हस्तोपचार गोळ्यांपेक्षा सरस ठरले. पण दोनदा नीट शिकवून घरी व्यायाम करायला लावलेले लोकही जवळपास तितकेच बरे झाले. मग धोका कशाला पत्करायचा?

डॉक्टरांनी हाड मोडलेलं नाही असं सांगितलं असेल, तर मानेचा पट्टा दिवसभर लावून बसू नका. मान जितकी बांधून ठेवाल तितकी आखडेल. ताठ बसून हळूच खांद्यावरून मागे बघा, दुखायला लागेल तिथवरच. दोन्ही बाजूंना 5 ते 10 वेळा, दिवसातून 6-7 दा. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो.

6 आठवड्यांनीही मान अडत असेल आणि कायरोप्रॅक्टरकडे जायचंच असेल, तर अपघाताचं आधी सांगा, झटका न देता हळुवार हाताळायला सांगा आणि पदवी कुठली ते विचारा. आपल्याकडे या पद्धतीसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही.

गाडी दुरुस्त होऊन आली की हेडरेस्ट वर ओढा. त्याचा माथा तुमच्या डोक्याच्या माथ्याइतका हवा आणि डोक्यामागे अंतर कमीत कमी.