डोमेनची (वेबसाइटच्या नावाची) मुदत संपली की रजिस्ट्रार, म्हणजे जिच्याकडून ते नाव घेतलं ती कंपनी, ते लगेच दुसऱ्याला विकू शकतो का?

लगेच नाही, पण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर विकू शकतो. आयकॅन या डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार डॉट कॉमसारख्या नावांसाठी रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी, शिवाय मुदत संपल्यावर ५ दिवसांत सूचना पाठवायलाच हवी. नाव डिलीट झाल्यावरही ३० दिवसांत जादा फी भरून ते परत मिळवता येतं. मेख अशी की हे ३० दिवस डिलीट झाल्यावरच सुरू होतात. चांगलं नाव डिलीट करून रजिस्ट्रारच्या हाती काही लागत नाही, लिलावात लागतं. त्यामुळे अनेक रजिस्ट्रार ते डिलीट न करता थेट बोली जिंकणाऱ्याच्या नावावर करतात. तशी मुभा करारात असते, जो आपण सगळेच न वाचता मान्य करतो! तेव्हा मुदतीनंतरचं कलम तेवढं वाचा, ऑटो-रिन्यू चालू ठेवा आणि संपर्काचा ईमेल त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडलं की शेवटची सूचना तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. देशांच्या दोन अक्षरी डोमेनना (उदा. डॉट इन) मात्र हे नियम लागू नाहीत, तिथे त्या-त्या रजिस्ट्रीचे, म्हणजे ती डोमेन सांभाळणाऱ्या संस्थेचे नियम चालतात.