मिठाचे पाणी आणि कोबीतील अळी

प्रश्न : पावसाळा सुरू झाल्यापासून आमच्याकडे पालेभाज्या अर्धा तास मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. सूनबाईंच्या मते त्याऐवजी खाण्याचा सोडा वापरावा, तर शेजारच्या वहिनी भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकतात. कोबीतील अळी मेंदूत जाते असे ऐकल्यापासून कोबी आणणेच आम्ही बंद केले आहे. नेमके काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : साबणाचे आधी निकालात काढू. भाजीचा पृष्ठभाग सच्छिद्र असल्याने साबणाचा अंश तिच्यात राहून पोटात जाऊ शकतो. तेव्हा साबण भांड्यांपुरताच ठेवावा.

कोमट मिठाच्या पाण्यात फ्लॉवरचे तुरे दहा मिनिटे ठेवले की आत दडलेल्या अळ्या बाहेर येतात, हा जुना अनुभव खरा आहे. मात्र त्यावरून मिठाने रोगजंतूही मरतात असा जो समज रूढ झाला आहे, त्यावर विसंबू नये. सोड्याविषयी सूनबाई म्हणतात त्यात तथ्य आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात, लिटरमागे १० ग्रॅम सोडा घातलेल्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर सालीवरची दोन फवारणीची औषधे निघून गेली. परंतु सालीच्या आत मुरलेला अंश तसाच राहिला. शिवाय ती सफरचंदे होती, मेथी नव्हे.

पालेभाजीच्या बाबतीत खरे काम साधे पाणीच करते, फक्त रीत नीट हवी. जुडी सोडून, मुळे काढून, सडकी पाने बाजूला करून निवडलेली भाजी मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात खळबळावी आणि क्षणभर थांबून दोन्ही हातांनी वर उचलून रोवळीत घ्यावी. आपण बहुतेक जण नेमके उलट करतो : पातेले चाळणीवर ओततो, आणि तळाशी बसलेली माती पुन्हा त्याच पानांवर येते. पातेल्याच्या तळाला बोट फिरवल्यावर रेती लागेनाशी होईपर्यंत, म्हणजे पावसाळ्यात बहुधा तीन-चार वेळा, पाणी बदलावे. भाजी धुऊन मगच चिरावी, कारण चिरलेल्या कडांमधून जीवनसत्त्वे पाण्यात जातात आणि पाण्यातली घाण आत शिरते. फ्रिजमध्ये ठेवायची असेल, तर धुऊन ओली ठेवू नये.

आता कोबी. पानांवर दिसणारी हिरवी अळी मेंदूत जात नाही. ती केवळ कोबी खाणारी अळी आहे. मेंदूच्या ज्या विकारामुळे फेफरे येते, तो डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात वाढणाऱ्या टेपवर्म या चपट्या जंताच्या अंड्यांमुळे होतो. अशा माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली, डोळ्यांना न दिसणारी ही अंडी दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या हातांतून कोणत्याही भाजीवर येऊ शकतात, म्हणून शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. त्यात एकट्या कोबीला दोष देण्यात अर्थ नाही. गाजर, कोथिंबीर आपण कच्चीच खातो की. मीठ, व्हिनेगर यांनी ही अंडी मरतील असे धरून चालू नये. वाहत्या पाण्यात चोळून धुतल्याने ती बरीचशी निघतात आणि नीट शिजवल्याने मरतात.

तेव्हा कोबी खुशाल आणावा. गड्ड्याची वरची दोन-तीन पाने काढून टाकावीत, उरलेली सुटी करून एकेक पान नळाखाली दोन्ही बाजूंनी धुवावे आणि चण्याची डाळ घालून भाजी करावी. कच्ची पचडी पावसाळा सरेपर्यंत बाजूला ठेवलीत तर उत्तम.